तुरीचे मूळ



आज येथे येताना मी पिशवीतून एक वस्तू बरोबर आणली आहे. ध्वनिक्षेपकापुढे ती कितीही उंच धरली तरी आपणांस दिसणार नाही, हे ठाऊक असूनही आणली. हातात काही धरल्याशिवाय शिक्षकाला बोलता येत नाही, ही आमच्या धंद्याची खोड आहे. ही वस्तू म्हणजे तुरीचे एक मूळ. गेल्या नाताळच्या सुटीत आमच्या शेतातून मी ते स्वतः खणून काढले. त्याला दोन तास लागले. हातभर खाली गेल्यावर मुरूम लागला. पण मूळ मुरमातही शिरलेले होते. अखेर ते तुटले, आणि त्याचे टोक अजून तेथेच आहे.

या मुळाने मला एकदा चारचौघांत नसले तरी घरच्यांत निरुत्तर केले होते. ती हकीकत आधी सांगतो. कारण पुढचे सारे विवेचन त्या एका प्रश्नापोटी आहे.

आमचे शेत बेळगावच्या तांबड्या जमिनीत आहे. थोडे पूर्वेला गेले की काळी जमीन सुरू होते आणि पश्चिमेला घाटाकडे वळले की जांभा; आमचे रान या दोहोंच्या मध्ये. माझे वडील जोंधळा पेरीत, आणि जोंधळ्याच्या दर आठ ओळींना तुरीची एक ओळ टाकीत. त्यांचे वडीलही तसेच करीत. २००१ साली मी नुकताच शिक्षक झालो होतो. माझे शास्त्राचे शिक्षण बारावीपर्यंतचे. परंतु बारावीपर्यंतच्या शिक्षणाने माणसाला जेवढा आत्मविश्वास येतो तेवढा पुढच्या शिक्षणाने येत नाही, असे माझे मत आहे. मी वडिलांना म्हटले, "बाबा, ही तुरीची ओळ कशाला? सहा-सात महिने जागा अडवून बसते. खताचे एक पोते जास्त टाका आणि सगळीकडे संकरित जोंधळा घ्या."

ते म्हणाले, "बंद करतो. पण तुरीच्या तासावर दुसऱ्या वर्षी जोंधळा काळाभोर का येतो, तेवढं सांग बाळा."

उत्तर मला पाठ होते. मी म्हणालो, "मुळावरच्या गाठी. त्यांतले जंतू हवेतला नत्र धरतात."

"मग मुगालाही गाठी असतात की. मुगाच्या रानात एवढा फरक का दिसत नाही?"

यावर मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही, आणि आठवत नाही हेच बरे आहे. पुढच्या वर्षी त्यांनी तुरीची ओळ बंद केली. पटले म्हणून नव्हे; मुलगा शिकून आला आहे आणि सांगतो आहे, म्हणून. २००९ साली ते वारले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला त्यानंतर पुष्कळ वर्षांनी वाचावयास मिळाले, आणि तेव्हा कळले की मी २००१ साली बांधावर उभा राहून बोलत होतो त्याच्या अकरा वर्षे आधीच ते छापून आलेले होते.

आता मूळ विषयाकडे वळू. नापीक जमीन म्हणजे रिकामी जमीन, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तसे क्वचितच असते. झाडाला लागणाऱ्या द्रव्यांपैकी स्फुरदाचेच उदाहरण घ्या. एका हेक्टर जमिनीच्या वरच्या वीतभर थरात एकूण स्फुरद कित्येक शे किलो असते. परंतु माती तपासणीच्या कागदावर 'उपलब्ध स्फुरद' या रकान्यात दहा-वीस किलोंचाच आकडा पडतो आणि शेरा येतो : कमी. बाकीचे गेले कोठे? ते तेथेच आहे, पण बांधलेले. आमच्या तांबड्या मातीत पावसाने हजारो वर्षे चुना आणि इतर क्षार धुऊन नेले व लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे ठेवले. मातीला तांबडा रंग आहे तो या लोखंडाच्या गंजाचा. हे लोखंड स्फुरदाला असे कवटाळते की पाण्यात विरघळू म्हणून देत नाही. काळ्या जमिनीत चुनखडी भरपूर; तेथे हेच काम चुना करतो. म्हणजे कोठार दोन्हीकडे आहे, कुलुपे मात्र निराळी आहेत. आपण वरून जे स्फुरदाचे खत घालतो त्यातलाही बराचसा भाग याच कुलपात जाऊन पडतो. पहिल्या पिकाला साधारणतः पाचव्या हिश्शाच्या आसपासच मिळतो.

दुसरी अडचण अशी की स्फुरद जागचे हलत नाही. नत्र पाण्याबरोबर वाहत मुळाकडे येतो. स्फुरद येत नाही. मूळ आपल्या भोवतीची एखाद-दोन मिलिमीटर माती रिकामी करते आणि मग उपाशी बसते. पलीकडे, केसाच्या अंतरावर, अन्न आहे; पण ते चालत येणार नाही. तेव्हा मुळालाच गेले पाहिजे.

आणि मूळ जाते. किती जाते याचा हिशेब १९३७ साली डिटमर नावाच्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने करून पाहिला. त्याने राय या धान्याचे एकच रोप चार महिने एका लाकडी पेटीत वाढविले, आणि मग माती धुऊन त्याची मुळे मोजली. त्या एका रोपाच्या मुळांची एकूण लांबी ६०० किलोमीटरांहून अधिक भरली. मुळांवर जी बारीक लव असते, ज्यांना आपण मूलरोम म्हणतो, त्यांची लांबी १०,००० किलोमीटरांच्या वर गेली. पेटी केवढी, तर फूट लांब, फूट रुंद आणि दोन फुटांहून थोडी कमी खोल. स्फुरद कमी पडले की पुष्कळ झाडे ही लव आणखी लांब आणि दाट करतात. घेवड्याच्या काही जाती तर आपल्या मुळांचा कोनच बदलतात. खाली न जाता ती वरच्या थरात आडवी पसरतात, कारण स्फुरद वरच्याच थरात जास्त असते. वर्गात मुले म्हणतात की मूळ जमिनीत खोल जाते. मी आता त्यांना म्हणतो, जेथे अन्न आहे तेथे जाते.

पण लव मिलिमीटरभर लांब, त्यापलीकडे काय? त्यापलीकडे उसनवारी आहे. जमिनीत काही बुरश्या राहतात, त्यांचे धागे मुळाच्या लवेहूनही कितीतरी बारीक असतात. हे धागे मुळात शिरतात आणि दुसऱ्या टोकाने दूरच्या मातीत पसरतात. तेथून स्फुरद आणून देतात आणि मोबदल्यात झाडाने पानांत तयार केलेली साखर घेतात. मूळ आणि बुरशी यांच्या या भागीदारीला फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली नाव दिले. पृथ्वीवरील जमिनीवरच्या झाडांच्या सुमारे सत्तर टक्के जाती या भागीदारीच्या एका प्रकारात सामील आहेत. जोंधळा आहे, तूर आहे, आंबा आहे. भागीदारी फुकट नाही. झाडाच्या कमाईचा वीस टक्क्यांपर्यंत भाग कधी कधी बुरशीला जातो.

भागीदाराला बोलवायचे तर हाक मारावी लागते. स्फुरदाची चणचण भासू लागली की मूळ मातीत एक द्रव्य सोडते आणि त्या द्रव्याच्या मागाने बुरशीचा धागा फांद्या फोडीत मुळाकडे येतो. हे २००५ साली जपानमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पण गंमत, किंवा दुर्दैव म्हणा, असे की तीच हाक आणखी एकाला ऐकू येते. जोंधळ्यात आणि उसात येणारा टारफुला आपल्यापैकी शेतकऱ्यांना सांगावयास नको. त्याचे बी धुळीसारखे बारीक असते. ते जमिनीत वर्षानुवर्षे स्वस्थ पडून राहते, आणि जवळून भुकेल्या मुळाची हाक आली की मगच उगवते. उगवून सरळ त्या मुळाला चिकटते आणि पिकाचा रस पिऊन घेते. भुकेल्या रानात टारफुला जास्त का, याचे एक कारण हे आहे. मित्राला मारलेली हाक चोराने ऐकावी, तसा हा प्रकार.

काही झाडे मात्र मुळांच्या या साऱ्या खटपटीला कंटाळलेली दिसतात. बेळगावहून गोव्याकडे जाताना चोर्ला घाटाच्या माथ्यावर जांभ्याचे सडे लागतात. भाद्रपदात तेथे जरूर जावे. बोटभर मातीत निळ्या-जांभळ्या फुलांचे गालिचे पसरलेले असतात. लोक त्यांना सीतेची आसवे म्हणतात. या झाडाला मुळे नाहीतच. ते पाण्यातले सूक्ष्म जीव चिमुकल्या पिशव्यांत ओढून घेऊन पचविते. जवळच दवबिंदू नावाची वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरते. शुभवर्तमानात पेरणाऱ्याचा जो दृष्टान्त आहे, त्यातले खडकाळ जागी पडलेले बी मूळ धरू न शकल्याने वाळून जाते. लहानपणी देवळात तो ऐकताना मला त्या बियांची फार दया येई. सडा पाहिल्यापासून वाटते की दृष्टान्तातले बी गव्हाचे असावे; सीतेच्या आसवांचे असते तर निराळे घडले असते. असो.

आता कुलुपाकडे येतो. मूळ लांब झाले, बुरशीही आली. पण लोखंडाने धरलेले स्फुरद सोडवायचे कसे? येथे काही झाडांनी आम्लाचा उपयोग केला आहे. हरभऱ्याच्या शेतातून पहाटे चालत गेलेल्या माणसाला आंब ठाऊक असते. दंवात भिजलेली पाने हाताला चिकट आणि जिभेला आंबट लागतात. जुनी माणसे रात्री हरभऱ्यावर धोतर पसरून ती आंब पिळून घेत आणि पोटदुखीवर देत. पानांवर जे दिसते त्याच्यासारखेच काम जमिनीखालीही चालते. हरभऱ्याची मुळे लिंबात असते ते सायट्रिक आम्ल मातीत सोडतात, आणि ते चुन्याने धरलेले स्फुरद मोकळे करते. हरभरा काळ्या रानात सुखाने का येतो, याचा एक धागा येथे सापडतो.

या विद्येतली पराकाष्ठा पाहावयाची तर ऑस्ट्रेलियात जावे लागेल. त्या खंडाच्या नैर्ऋत्य भागातील माती जगातल्या सर्वांत निकृष्ट मातींपैकी एक आहे. तेथे एका कुळातली झाडे आपल्या मुळांवर बाटली धुण्याच्या ब्रशासारखे दाट झुबके काढतात, काही दिवस त्यांतून भराभर आम्ल ओततात, सुटलेले स्फुरद शोषून घेतात, आणि मग तो झुबका वाळून जातो. याच कुळातला सिल्व्हर ओक कुर्ग-चिकमंगळूरच्या कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावतात. या कुळातल्या काही झाडांची काटकसर अशी हाडीमांशी खिळलेली आहे की त्यांना स्फुरदाचे भरपूर खत घातले तर ती मरतात. घेणे थांबवावे कसे, हे त्यांना माहीतच नसते.

आणि आता आमची तूर. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था, इक्रिसॅट, १९७२ साली स्थापन झाली. तिच्या आवारात तांबडी आणि काळी अशा दोन्ही जमिनी आहेत, आणि या विषयात तो योग फार मोलाचा ठरला. नोरिहारू आए हे जपानी शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी दोन्ही माती घेऊन, स्फुरदाचे खत न घालता, त्यांत निरनिराळी पिके लावून पाहिली. जोंधळा आणि मका यांसारखी पिके काळ्या मातीत बरी आली आणि तांबड्या मातीत स्फुरदावाचून खंगली. तूर मात्र तांबड्या मातीत तगली, आणि लोखंडाशी बांधलेले स्फुरद ती घेऊ शकते असे दिसून आले. १९९० साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी याचे कारण प्रसिद्ध केले. तुरीच्या मुळांतून पिसिडिक आम्ल नावाचे एक द्रव्य पाझरते. (वेस्ट इंडीजमधील ज्या झाडाची साल पाण्यात टाकून मासे गुंगवितात, त्याच्या नावावरून हे नाव आले आहे.) हे आम्ल लोखंडाला पकडते. लोखंडाचे हात असे अडकले की त्याने धरलेले स्फुरद सुटते, आणि मूळ ते उचलते. जोंधळ्याला हे साधत नाही. चुन्याच्या कुलपाला तुरीची ही किल्ली विशेष लागत नाही; म्हणून काळ्या रानात तुरीचा हा गुण फारसा दिसून येत नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली. तुरीने मोकळे करून घेतलेले स्फुरद तिच्या पानांत, मुळांत साठते; तूर पाने गाळते, मुळे जमिनीतच कुजतात, आणि जे स्फुरद लोखंडाच्या ताब्यात होते ते पुढच्या पिकाच्या हाती पडते. तुरीच्या तासावर दुसऱ्या वर्षी जोंधळा काळाभोर का, याचे उत्तर मला येथे मिळाले. गाठींतला नत्र खोटा नव्हता. पण ते अर्धे उत्तर होते, आणि बाबांनी मुगाचा प्रश्न विचारून उरलेल्या अर्ध्यावर नेमके बोट ठेवले होते. त्यांना आम्ल ठाऊक नव्हते. फरक ठाऊक होता.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे, कारण आपल्यापैकी काहीजण उद्याच खत बंद करावयास निघतील. मूळ स्फुरद निर्माण करीत नाही. ते कोठारातून काढते. आपण दरवर्षी धान्य पोत्यात भरून बाजारात नेतो, त्याबरोबर स्फुरदही जाते, आणि शेणखताने किंवा अन्य मार्गाने ते कधीतरी परत घालावेच लागते. तसेच आमच्या रानातील फरकाचे सगळे श्रेय आम्लालाच द्यावे, असेही मी म्हणणार नाही. तुरीचे मूळ खोल जाते, पाला भरपूर पडतो, नत्र मिळतो, आणि या साऱ्यांचे वजन वेगवेगळे करण्याचे साधन माझ्यापाशी नाही. परंतु उलट बाजूही ध्यानात घ्यावी. स्फुरदाचे खत ज्या खडकापासून होते तो खडक आपल्या देशात थोडा सापडतो. बराचसा मोरोक्को, जॉर्डन अशा देशांतून जहाजाने येतो. तो आणून, दळून, पोत्यात भरून आमच्या शेतात टाकायचा, आणि त्यातला मोठा भाग पुन्हा त्याच लोखंडाच्या कुलपात जाऊ द्यायचा. आणि ज्या पिकापाशी त्या कुलपाची किल्ली आहे ते पीक मात्र जागा अडविते म्हणून काढून टाकायचे. मी वडिलांना दिलेला सल्ला नेमका हा होता.

शिवाय पोसलेले मूळ कामही कमी करते. मातीत सहज मिळणारा नत्र भरपूर असला की कडधान्ये गाठी कमी धरतात. स्फुरद मुबलक असले की बुरशीची भागीदारी ढिली पडते. यात झाडाचा आळस नाही. मजुरी महाग आहे, म्हणून गरज नसता ते मजूर लावीत नाही.

गेल्या पावसाळ्यापूर्वी मी हे सारे भावाला सांगितले. शेत तो पाहतो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "दादा, तूर काढ म्हणूनही तूच सांगितलं होतंस." त्याचे म्हणणे रास्त होते. तूर उशिरा निघते, राखण करावी लागते, शेंगांत अळी पडते, आणि कापणीनंतर राहिलेले खुंट अनवाणी पायांत घुसतात. यातले काहीही मला शाळेत बसून सोसावयाचे नसते. अखेर ओढ्याकडच्या अर्ध्या एकरावर त्याने माझ्यासाठी पूर्वीसारखी आठाला एक अशी ओळ टाकली, आणि त्या तुकड्यात स्फुरदाचे खत घातले नाही. बी आईने ठेवलेले नव्हते. बाजारातून आणावे लागले.

माझ्या हातातले हे मूळ त्याच तुकड्यातले आहे. त्या तासांवर भावाने खुणेचे दगड मांडून ठेवले आहेत. येत्या जूनमध्ये तेथे जोंधळा पेरला जाईल, आणि श्रावणाच्या सुमारास त्याचा रंग दगडांच्या रेषेवर कसा दिसतो ते पाहावयास मी जाणार आहे. आईने आताच सांगून ठेवले आहे की तिलाही बरोबर न्यावे.